गर्भाशयाच्या दुर्मीळ कर्करोगांत ट्यूमर सप्रेसर प्रथिनांचा अहवाल कसा वाचावा

सीरस कार्सिनोमा (अस्तरापासून होणारा), कार्सिनोसार्कोमा (मिश्र स्वरूपाचा) आणि लिओमायोसार्कोमा (स्नायूपासून होणारा) हे गर्भाशयाचे कर्करोग क्वचित आढळतात, पण ते आक्रमक असतात. त्यांच्या पॅथॉलॉजी अहवालात पी५३, पीटेन, आरबी१ अशी नावे येतात. ही प्रथिने पेशींच्या अनिर्बंध वाढीला आवर घालतात. बहुतेक लक्ष्यवेधी औषधे अतिसक्रिय झालेल्या प्रथिनाला अडवतात. येथे मात्र प्रथिन हरवलेले किंवा बिघडलेले असते, आणि जे उरलेलेच नाही त्याला अडवणार कसे? म्हणून हे प्रथिन गेल्यामुळे गाठीतील पेशी आता कशाच्या आधारावर जगत आहेत, हा प्रश्न मनात ठेवून अहवाल वाचावा.

सुरुवात पी५३ पासून करावी, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. या तपासणीत प्रथिन जेथे असेल तेथे रंग दिसतो. जवळपास सर्व केंद्रकांत गडद रंग येणे जसे बिघाडाचे लक्षण आहे, तसेच रंग अजिबात न येणे हेही आहे. रंग केंद्रकाऐवजी पेशीद्रवात दिसणे हा तिसरा, विरळ प्रकार. ‘पी५३ निगेटिव्ह’ एवढेच लिहिले असेल तर ते सामान्य असल्याचे कृपया गृहीत धरू नये. शेजारच्या निरोगी पेशींत रंग आला होता का, हे पॅथॉलॉजिस्टना विचारावे. तो आला असेल तरच गाठीतील अभाव खरा मानता येतो.

एंडोमेट्रियल कार्सिनोमात, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरापासून होणाऱ्या कर्करोगात, पी५३ चा निष्कर्ष एकटा वाचू नये. आधी पोल (डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमचे जनुक) यातील उत्परिवर्तन, मग डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या एमएमआर प्रथिनांचा अभाव आणि त्यानंतर पी५३ असा क्रम असतो, कारण पहिल्या दोहोंपैकी काही आढळल्यास पी५३ मधील बिघाड बहुधा दुय्यम ठरतो. फिगो या आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग संघटनेच्या २०२३ च्या वर्गीकरणानुसार स्नायूस्तरात शिरलेली पण गर्भाशयापुरती मर्यादित असलेली पी५३-बाधित गाठ दुसऱ्या टप्प्यात (स्टेज २) मोडते. हा बदल उपचारालाही लागू पडतो: पोर्टेक-३ चाचणीच्या रेणवीय विश्लेषणात पी५३-बाधित गाठ असलेल्या उच्च-जोखमीच्या रुग्णांपैकी केवळ किरणोपचार घेतलेल्यांत सुमारे ३६ टक्के, तर केमोथेरपीही घेतलेल्यांत सुमारे ५९ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर पुनरुद्भवाविना होत्या. सीरस कार्सिनोमात पेशींची वाढ चेतवणाऱ्या एचईआर२ या प्रथिनाची तपासणी आवर्जून मागावी, कारण ती पॉझिटिव्ह असल्यास कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीसोबत एचईआर२ ला अडवणारे ट्रास्टुझुमॅब देता येते.

पी५३ गेल्यावर पेशीविभाजनाचा एक तपासणी-टप्पा ढिला पडतो आणि पेशी दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे वी१ या एन्झाइमवर, अधिक विसंबते. याच दुबळेपणावर अ‍ॅडाव्होसर्टिब हे औषध नेम धरते. पुन्हा उद्भवलेल्या सीरस कार्सिनोमातील दुसऱ्या टप्प्याच्या (फेज २) चाचणीत सुमारे तीन-दशांश रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकुंचल्या. तरीही हा नित्याचा उपचार नाही. या औषधाचा विकास २०२२ मध्ये थांबवण्यात आला; वी१ ला रोखणाऱ्या औषधांचा विचार क्लिनिकल ट्रायलच्या चौकटीतच करावा. याउलट पी५३ शाबूत असेल तर सेलिनेक्सर हे औषध त्याला केंद्रकाबाहेर जाऊ देत नाही. या औषधाच्या सिएंडो चाचणीत अशा उपगटाला लाभाचे संकेत मिळाले, पण उपगटाचे निष्कर्ष सिद्ध पुराव्याइतके भक्कम नसतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिओमायोसार्कोमात टीपी५३ (पी५३ चे जनुक) व आरबी१ वारंवार बिघडलेले आढळतात, पण औषधाच्या दृष्टीने बीआरसीए२ (डीएनए दुरुस्तीचे जनुक) अधिक महत्त्वाचे. थोड्या रुग्णांत हे जनुक संपूर्ण वगळले गेलेले (डिलिशन) असते आणि तेथे पार्प-रोधक (डीएनए दुरुस्तीचा दुसरा मार्ग अडवणाऱ्या) औषधांचा विचार होऊ शकतो. जनुकीय तपासणी सांगताना ती उत्परिवर्तनांसोबत जनुकांची वगळणीही नोंदवते का, हे विचारणे अत्यावश्यक आहे. केवळ पीटेनच्या अभावावरून औषध निवडू नये. एमएमआर प्रथिने नसतील तर इम्युनोथेरपीचा पर्याय चर्चेत आणावा.

गाठीत आढळलेला बिघाड आनुवंशिक असेलच असे नाही. एमएमआर, बीआरसीए किंवा टीपी५३ बाबत शंका असल्यास अनुवंश-समुपदेशकांच्या सल्ल्याने रक्ताची स्वतंत्र तपासणी करावी आणि बिघाड जन्मजात ठरल्यास भावंडे व मुलांनाही तपासणीचा सल्ला द्यावा.