डेस्कटॉप गोठतोय? आधी एक्स्टेन्शन्स तपासा

लिनक्सवरच्या जीनोम (GNOME) या डेस्कटॉपला जादा सोयी जोडणारं एक्स्टेन्शन हा स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम नसतो. त्याची जावास्क्रिप्ट थेट जीनोम-शेलच्या, म्हणजे डेस्कटॉप चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमच्या, प्रोसेसमध्ये चालते. वेलँडवर (लिनक्समधली पडदा हाताळण्याची नवी पद्धत; जुनी ती एक्स११) विंडो पडद्यावर मांडणं आणि कीबोर्ड-माउसचा इनपुट अ‍ॅप्सपर्यंत पोचवणं, हेही तीच प्रोसेस करते. त्यामुळे वरच्या पट्टीत हवामान दाखवणारं एखादं एक्स्टेन्शन कुठल्या कमांडच्या उत्तरासाठी अडून बसलं, की अख्खा डेस्कटॉप त्याच्यासोबत ताटकळतो.

खूण अशी: गाणं वाजत राहतं, पॉइंटरही बहुधा हलतो, पण क्लिकला काही दाद नाही. वरचं घड्याळ बघून ठेवा. ते 10:42 वर अडकलं असेल तर पुढे लॉगमध्ये (सिस्टीमच्या नोंदींत) त्याच मिनिटाच्या आसपास शोधायचंय. गाणंही बंद पडलं आणि दुसऱ्या मशीनवरून केलेल्या पिंगलाही (मशीन जागं आहे का, हे नेटवर्कवरून विचारणं) उत्तर नसेल, तर संशय ड्रायव्हर, कर्नल किंवा रॅमवर घ्या.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा. वेलँडवर हे कधीकधी चालत नाही, कारण ती की ओळखणाराही गोठलेला शेलच असतो. अशा वेळी दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) हाच खात्रीचा मार्ग, म्हणून तो आधीच चालू करून ठेवा. आत गेल्यावर टॉप चालवा. कुठला प्रोग्रॅम किती सीपीयू खातोय, ते ही कमांड दाखवते. जीनोम-शेल 100 टक्क्यांच्या आसपास असेल तर कोड लूपमध्ये फिरतोय. जवळजवळ शून्यावर असेल तर तो कशाची तरी वाट बघतोय.

आता ‘जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.जीनोम.शेल डिसेबल-यूजर-एक्स्टेन्शन्स ट्रू’ ही कमांड द्या (अर्थात रोमन अक्षरांत). पुढे सुडो (रूट, म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून कमांड चालवणं) लावू नका. लावलात तर सेटिंग रूटचं बदलेल, तुमचं तसंच राहील. पण अडकलेला शेल हे सेटिंग वाचणार नाही, म्हणून त्याला मारावंच लागतं. साध्या किलला तो बहुधा जुमानत नाही. ‘किलऑल -९ जीनोम-शेल’ लागतं. एक्स११ वर शेल पुन्हा उठतो आणि उघडी अ‍ॅप्स वाचतात. वेलँडवर सेशनच संपतं, सेव्ह न केलेलं काम जातं. म्हणून घाई करू नका. मिनिटभर थांबल्यावर शेल आपोआप सुटला, तर आधी फाइल्स सेव्ह करा.

पुन्हा लॉगिन केल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी’ने त्या वेळेच्या नोंदी काढा, मशीन रीस्टार्ट केलं असेल तर ‘-बी -१’. ‘जेएस एरर’च्या खालच्या ओळींत फाइलच्या पाथमध्ये एक्स्टेन्शनचं नाव दिसतं. मात्र अडकलेला कोड चूक नोंदवतोच असं नाही, त्यामुळे लॉग कोरा म्हणजे एक्स्टेन्शन निर्दोष, असं समजू नका.

लॉग मुका असेल तर अर्धी-अर्धी करून शोधा. ‘जीनोम-एक्स्टेन्शन्स लिस्ट’मधली अर्धी बंद करून ‘डिसेबल-यूजर-एक्स्टेन्शन्स’ हा मूळ स्विच पुन्हा फॉल्सवर आणा. डेस्कटॉप गोठला तर दोषी चालू असलेल्यांत, नाहीतर बंद केलेल्यांत. 16 मधून एक चार फेऱ्यांत सापडतं. प्रत्येक फेरीत लॉगआउट करा: बंद केलेल्या एक्स्टेन्शनचे टायमर मागे राहून गेले, तर निकाल गंडतो. आणि डेस्कटॉप दिवसातून एकदाच गोठत असेल, तर दहा मिनिटं शांत गेली म्हणून फेरी संपवू नका. कुठल्याच अर्ध्यात सापडलं नाही, तर दोन एक्स्टेन्शन्सचं आपसात भांडण असण्याची शक्यता धरा. एकाच पट्टीत ढवळाढवळ करणारी जोडी आधी तपासा.

डेस्कटॉप नुकताच अपग्रेड झाला असेल तर एक्स्टेन्शनच्या फोल्डरमधल्या मेटाडेटा.जेसन या फाइलमधलं शेल-व्हर्जन बघा. 2023 च्या जीनोम 45 मध्ये मॉड्यूल लोड करण्याची पद्धतच बदलली. त्याआधीची एक्स्टेन्शन्स नव्याने लिहिल्याशिवाय तिथे चालत नाहीत. त्या फाइलमध्ये हाताने आकडा वाढवणं किंवा व्हर्जन तपासणीचं सेटिंग बंद करणं, हे बऱ्याच गोठण्यांचं मूळ असतं. ती तपासणी परत चालू करा.

एक्स्टेन्शन काढताना होममधल्या .लोकल/शेअर/जीनोम-शेल/एक्स्टेन्शन्स या फोल्डरमधून ते हलवा. तिथे दिसत नसेल तर ते यूएसआर/शेअरमध्ये आहे. ते पॅकेज मॅनेजरनेच काढायचं.