शिखंडीची गोष्ट नव्याने लिहायचीय? आधी ती भीष्माच्या तोंडून काढून घ्या

"शिखंडीला पुढे करून" असं आपण मराठीत सहज बोलून जातो आणि एवढ्यावर तो माणूस संपतो, मला याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून लिहायच्या आधी महाभारतातल्या उद्योगपर्वाच्या शेवटी येणारं अंबोपाख्यान, म्हणजे भीष्माने पळवून आणलेल्या आणि पुढच्या जन्मी शिखंडी झालेल्या अंबेची गोष्ट, वाचा, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. ती सगळी कथा भीष्म दुर्योधनाला सांगतोय! म्हणजे ज्याने अंबेला जगणं नको केलं त्याच्याच तोंडून आपण ती हजारो वर्षं ऐकतोय. पहिलं काम काय, तर निवेदक बदला.

कोणाला घ्यायचं? द्रुपदाच्या घरी मुलगी जन्मते, मुलगा म्हणून वाढवतात, दशार्ण देशाचा राजा हिरण्यवर्मा याच्या मुलीशी लग्न लावून देतात, बायकोला कळतं, सासरा चाल करून यायची धमकी देतो आणि शिखंडिनी जीव द्यायला रानात जाते, तिथे स्थूणाकर्ण यक्ष आपलं पुरुषत्व तिला देऊन तिचं स्त्रीत्व स्वतः घेतो, ठराविक मुदतीपुरतं हं, पण तो लाजून कुबेरासमोर येत नाही म्हणून कुबेर शाप देतो की आता असाच राहा, शिखंडी मरेपर्यंत. मी तर यक्षालाच बोलतं करेन. किंवा त्या बायकोला, कारण शेवटी सासरा खात्री करून घेतो, खुश होतो आणि मुलीलाच रागावून परत जातो. खरं बोललेली तीच! त्या रात्री नवराबायको काय बोलले असतील ते लिहा, भीष्म पडतो ते दहाव्या दिवसाचं युद्ध दोन ओळीत उरकलं तरी चालेल.

आता मराठीची खरी अडचण. "मी गेलो" की "मी गेले", क्रियापद लगेच लिंग सांगून टाकतं. शिखंडी स्वतः बोलत असेल तर रानाच्या आधी काय आणि नंतर काय हे पहिल्या वाक्याआधी ठरवा, आणि लहानपणापासून "गेलो" ठेवलंत तरी ते बरोबरच आहे. ठरवायचंच नसेल तर "शिखंडीने पाहिलं", "मला भीती वाटली", "मी जाणार" अशी वाक्यं वापरा, त्यात कळत नाही, फक्त पानभर तेच केलंत तर वाचताना अडखळायला होतं. ट्रान्स, क्वीअर हे शब्द पात्रांच्या तोंडी नकोत, प्रस्तावनेत बिनधास्त लिहा. आणि पोस्ट करण्याआधी एखाद्या ट्रान्स मित्रमैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवा, अर्थात त्यांना वेळ आहे का ते आधी विचारून.