उन्हाळ्यात चिनी शिकायला चीनला जाताय? या चुका टाळा

दर वर्षी मे महिना आला की विद्यापीठातली मुलं मला तेच प्रश्न विचारतात. कुठलं ॲप घेऊ? आठ आठवड्यांत किती अक्षरं होतील? टोन (अक्षर म्हणतानाचा आवाजाचा चढ-उतार, ज्याने शब्दाचा अर्थच बदलतो) नंतर सुधारले तर चालतील ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सगळं नुकसान तिथून सुरू होतं. नाही चालणार.

टोन ‘नंतर’साठी ठेवणं

पेइचिंगमध्ये (इंग्रजीतलं बीजिंग) माझी भाषासोबती होती. अशा सोबत्याला तिथे ‘यूपान’ म्हणतात. आठवड्यातून दोनदा भेटायचं, अर्धा वेळ तिची इंग्रजी, अर्धा वेळ माझी चिनी. ती शीआनची, म्हणजे षान्शी प्रांतातली. त्याला लागूनच पूर्वेला दुसरा प्रांत आहे, त्याचंही नाव षान्शीच. फरक फक्त पहिल्या अक्षराच्या टोनचा: तिच्या प्रांताचा तिसरा, खालच्या पट्टीतला, शेजारच्याचा पहिला, उंच आणि सपाट. रोमन लिपीत टोनचं चिन्ह गाळलं की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तिच्या प्रांताच्या नावात मुद्दाम एक जादा ‘ए’ घालतात.

मी दोन आठवडे सगळ्यांना ती शेजारच्या प्रांतातली आहे असं सांगत होते. ती दर वेळी शांतपणे दुरुस्त करायची, आणि मला वाटायचं की ती माझंच वाक्य पुन्हा म्हणतेय. मला फरक बोलता येत नव्हता एवढंच नाही, तो ऐकूच येत नव्हता. टोन मागे टाकला की कान तयार होत नाही, आणि कान तयार नसला की तुमची चूक कोणी कितीदाही सांगितली तरी पोचत नाही. शेवटी तिने दोन्ही नावं माझ्या फोनवर रेकॉर्ड करून दिली. ती मी चार दिवस येता-जाता ऐकली, तेव्हा कुठे फरक कळला.

तेव्हापासून सुटा शब्द मी वहीत लिहीतच नाही. शब्दासोबत टोनचा आकडा लिहिते आणि दोन-दोन अक्षरांच्या जोड्या म्हणते. चार टोनांच्या सोळा जोड्या होतात, रोज सकाळी दहा मिनिटं पुरतात. दोन तिसरे टोन लागोपाठ आले की पहिला दुसऱ्यासारखा चढतो. ‘नी हाओ’ हे त्याचंच उदाहरण. पुस्तकात तिसऱ्या टोनची खाली जाऊन वर येणारी रेघ काढतात, म्हणून मुलं दर वेळी झोका घेतात. बोलण्याच्या ओघात तो बहुधा नुसता खालीच राहतो.

आणखी एक सवय आपली खास. प्रश्न विचारताना आपण वाक्याचं शेपूट वर नेतो. चिनीत त्याने शेवटच्या शब्दाचा टोनच बिघडतो. ‘माई’ तिसऱ्या टोनमध्ये विकत घेणं आणि चौथ्यात विकणं, हे लक्षात असू द्या. प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी लागणारा ‘मा’ आहे, त्याला त्याचं काम करू द्या.

पिनयिन इंग्रजीसारखं वाचणं

पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत, १९५८ साली चीनमध्ये अधिकृत झालं. अक्षरं रोमन असली तरी उच्चार इंग्रजी नाहीत. आणि इथे मराठी मुलांना जी सोय आहे ती ती वापरतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चिनीतला भेद घोष-अघोष (ब-प) नसून अल्पप्राण-महाप्राण (प-फ) असा आहे, आणि तो आपल्या वर्णमालेतच आहे. ‘बी’ म्हणजे प, ‘पी’ म्हणजे फ (दोन्ही ओठ मिटून सोडलेला, फॅनमधला नव्हे). ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. ‘जे’ हा ‘चिंच’मधला पहिला च, ‘क्यू’ हा छ, आणि ‘झेड’ हा ‘चाक’मधला च. ‘एक्स’ श-च्या जवळ आहे. ‘एसएच’साठी मात्र जीभ खरोखर वळवा, ष आपण लिहितो, पण बोलताना त्याचा श करतो. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. राजधानीचं नाव पेइचिंग का म्हणतात तेही त्यातूनच कळेल.

वरच्या वर्गात घुसणं

पहिल्या दिवशी पातळी ठरवायची परीक्षा असते. मी स्वतःची ओळख, घर, छंद, हवामान असं सगळं घोकून गेले होते. तोंडी परीक्षेत ते धडाधड म्हटलं आणि दोन पातळ्या वरच्या गटात बसले. तिथे रोज पन्नासेक नवे शब्द आणि रोज सकाळी ‘थिंगश्ये’, म्हणजे शिक्षिका बोलणार आणि आपण अक्षरांत लिहायचं. रात्री दोनपर्यंत अक्षरं गिरवायची, सकाळी कागदावर उतरवायची, दुपारपर्यंत विसरायची. वर्गात प्रश्न आला की मी मान खाली घालायचे. तिसऱ्या आठवड्याच्या चाचणीत शंभरपैकी एकतीस आले आणि मला खाली पाठवलं. छप्पन्न दिवसांतले एकोणीस गेले होते, आणि खालच्या गटाचे पहिले धडे माझे कायमचे राहिले.

पातळीचा आकडा परतल्यावर कोणी विचारत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास करू नका, जे खरंच येतं तेवढंच बोला. शंका असेल तर खालचा गट मागा. ज्या वर्गात तुम्ही तोंड उघडता तोच तुमचा वर्ग. घोकून वरच्या गटात जायचा शॉर्टकट शिकवणाऱ्या सीनियर मुलांचा मला राग येतो तो यासाठीच.

बाकीच्या, थोडक्यात

आपल्याच लोकांच्या खोलीत संध्याकाळ घालवू नका. फक्त चिनीत बोलायच्या प्रतिज्ञेवर सही केली असेल तर ती खोलीतही पाळा. मी कॅन्टीनमध्ये रोज एकाच खिडकीपाशी जायचे. तिसऱ्या दिवसापासून तिथल्या मावशी आपणहून बोलायला लागल्या.

फोनवर पिनयिन टाकून अक्षर निवडता येतं म्हणजे ते लिहिता येतं असं नाही. प्लेको कोश उत्तम आहे, पण शब्द आधी वाक्यावरून ओळखायचा प्रयत्न करा, मग उघडा.

तैवानला जात असाल तर पारंपरिक अक्षरं आणि बहुधा पो-फो-मो-फो ही उच्चार दाखवणारी चिन्हं लागतील. मुख्य भूमीवरच्या सरळरूप (सोप्या केलेल्या) अक्षरांचं पुस्तक घेऊन तिथे उतरू नका.

मुख्य भूमीवर व्हॉट्सॲप, जीमेल, गूगल साध्या इंटरनेटवर चालत नाहीत. घरच्यांना वीचॅट हे तिथलं गप्पांचं ॲप आधीच लावून द्या, पैसे द्यायच्या अलीपे ॲपला कार्ड निघण्यापूर्वी जोडा. १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी एक्स२ व्हिसा असतो. हॉटेलबाहेर राहणार असाल तर २४ तासांत पोलिसांकडे नोंदणी करायची असते. ती वसतिगृह करणार की तुम्ही, हे पहिल्याच दिवशी विचारा.

दर शनिवार-रविवार प्रवास ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या शाळांनाही सुट्टी असते, चीनच्या भिंतीवर गर्दीच दिसेल. सोमवारची थिंगश्ये कोरी जाते ती वेगळीच.

निघण्याआधीच्या आठवड्यात यूपानकडून पुस्तकातले सगळे पाठ तिच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या. परतल्यावर पहिल्या महिन्यात टोन सगळ्यात आधी सैल होतात. माझ्याकडे तिचे बावीस पाठ आहेत, आणि षान्शी मी अजून तिच्या आवाजावरच तपासते.