हौशी फोटोग्राफरांची ऑनलाइन स्पर्धा: वादावादी न होता कशी घ्यावी

सोसायटीचा ग्रुप असो, माजी विद्यार्थ्यांचा असो की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा. फोटोस्पर्धेत रुसवेफुगवे होतात ते बहुतेक वेळा नियमावलीत लिहायच्या राहून गेलेल्या एखाद्या वाक्यावरून. तेव्हा पोस्टर नंतर करा, आधी नियम लिहून काढा. एका पानात बसले पाहिजेत, कारण दुसरं पान कुणी वाचत नाही.

विषय ‘निसर्ग’ ठेवलात तर पाच वर्षांपूर्वीच्या सहलीतले लडाखचे फोटो येतील. ज्यासाठी मुद्दाम उठून नवा फोटो काढावा लागेल, पण लांबचा प्रवास किंवा महागडी लेन्स लागणार नाही, असा विषय हवा. ‘पावसाळ्यातला रस्ता’, ‘दार’, ‘काम करणारे हात’ हे विषय चांगले चालतात. सोबत ‘फोटो १ ते ३१ जुलै या काळातच काढलेला असावा’ अशी अट घातली की जुना साठा आपोआप बाद होतो. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो. त्या दिवशी निकाल ठेवला तर परीक्षणाला अडीच आठवडे हातात राहतात. गणपतीत शेवटची तारीख ठेवू नका. तेव्हा फोटो भरपूर निघतात, पण पाठवायला सवड कुणालाच नसते.

‘३१ जुलै, रात्री १२ पर्यंत’ असंही लिहू नका. ३० तारखेनंतरचे बारा की ३१ नंतरचे, यावर हमखास घोळ होतो. ‘३१ जुलै, रात्री ११:५९, भारतीय वेळ’ असं लिहा. सभासद परदेशातही असतील तर शेवटचे दोन शब्द फार महत्त्वाचे.

एका माणसाचे दोनच फोटो घ्या. चाळीस जणांचे ८० फोटो झाले. परीक्षकाने पहिल्या फेरीत फोटोमागे अर्धा मिनिट दिला तरी ४० मिनिटं जातात. पाच-पाच फोटो घेतले तर दोनशे होतात. मग शेवटचे पन्नास कुणी धड बघत नाही, आणि निवड करण्याचं स्पर्धकाचं काम परीक्षकाच्या गळ्यात पडतं.

फोटो मागवायचे कसे

व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून मागवू नका. तिथे फोटो आकसतो आणि कधी काढला ही नोंदही फाइलमधून निघून जाते. ती गेली की जुलैची अट तपासणार कशी? डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते, पण निम्मे लोक ते विसरतात. त्यापेक्षा गूगल फॉर्म बरा. त्यात फाइल अपलोडचा प्रश्न टाका. नाव, फोटोचं शीर्षक, ठिकाण आणि ‘नियम मान्य आहेत’ एवढंच विचारा. फाइल अपलोड करायला स्पर्धकाला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, हे आधीच सांगून ठेवा.

फाइलच्या मापाची मर्यादा १० एमबी ठेवली तर बहुतेकांना पुरते. मात्र फोनवर ५० किंवा २०० मेगापिक्सेलचा मोड लावून काढलेला फोटो तिथे अडकतो, आणि मुदतीच्या रात्री साडेअकराला फोन येतो तो याच कारणाने. सगळ्या फाइली तुमच्या ड्राइव्हमध्ये जमा होतात. मोफत मिळणाऱ्या १५ जीबीत तुमची ईमेलही आलीच, तेव्हा आधी जागा बघून घ्या. फोटो लहान करून पाठवायला सांगू नका. हौशी माणूस स्क्रीनशॉट काढून पाठवतो.

आयफोनवरून हाइक (HEIC) फॉरमॅटच्या फाइली येतात आणि काही संगणकांवर त्या उघडतच नाहीत. परीक्षकांकडे जाण्याआधी तुम्हीच त्या जेपेगमध्ये बदला.

नावं लपवायची ठरवली असतील तर एक खोच ध्यानात ठेवा: गूगल फॉर्म अपलोड झालेल्या फाइलच्या नावाला पाठवणाऱ्याचं नाव जोडतो. फोल्डर तसंच परीक्षकांना दिलंत तर सगळं मुसळ केरात. प्रत्येक फाइलला ००१, ००२ असे क्रमांक द्या आणि क्रमांक-नावाची यादी एकाच माणसाकडे ठेवा. तो माणूस परीक्षक नसावा.

नियमांत ही वाक्यं हवीतच

कातरणं, उजेड-रंग थोडा सुधारणं, कृष्णधवल करणं चालेल. फोटोत नसलेलं काही घालणं, असलेलं पुसणं, आकाश बदलणं आणि एआयने तयार केलेलं चित्र चालणार नाही. विजेच्या तारा पुसलेल्या चालतील का, हा प्रश्न दर वेळी येतो. हो किंवा नाही, काय ते आधीच ठरवून लिहून टाका. घरट्यांचे आणि पिल्लांचे फोटो घेऊ नका, कारण बक्षिसासाठी लोक फांद्या बाजूला करतात. ओळखू येणाऱ्या लहान मुलाचा फोटो असेल तर पालकांची परवानगी हवी. फोटोचे हक्क काढणाऱ्याचेच. आयोजक तो फक्त या स्पर्धेच्या निकालात आणि प्रदर्शनात दाखवतील, असंही स्पष्ट लिहा. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं वाक्य वाचून चांगले फोटोग्राफर मुकाट्याने बाजूला होतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

परीक्षण

परीक्षक तीन घ्या. त्यातला एक तरी फोटोग्राफीबाहेरचा, म्हणजे चित्रकार किंवा चित्रकलेचा शिक्षक असला तर निवड एकसुरी होत नाही. फोटो फोनवर न बघता लॅपटॉपवर, ब्राइटनेस पुरेसा वाढवून आणि स्क्रीनचा रात्रीचा पिवळा प्रकाश (नाइट लाइट) बंद ठेवून बघायला सांगा. नाहीतर पावसाळी निळसर फोटो मातकट दिसतो आणि नाहक मार खातो.

दहापैकी गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत सोपी दिसते, पण तिच्यात एक गोम आहे. समजा, पहिला परीक्षक हात राखून ६ ते ८ मध्येच गुण देतो आणि दुसरा २ ते १० पर्यंत मोकळेपणाने देतो. पहिल्याला सर्वांत आवडलेल्या फोटोला त्याचे ८ आणि दुसऱ्याचे ६ मिळाले, बेरीज १४. पहिल्याला सर्वांत नावडलेल्या फोटोला त्याचे ६ आणि दुसऱ्याचे १०, बेरीज १६. निकाल एकट्या दुसऱ्यानेच लावला. म्हणून गुणांऐवजी क्रम मागा: प्रत्येकाने आपले दहा फोटो निवडायचे, पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असं दहाव्याला १. बरोबरी झाली तर ज्याला जास्त परीक्षकांनी पहिलं ठेवलं तो पुढे, हेही आधीच जाहीर करा. नंतर तिघांना अर्धा तास व्हिडिओ कॉलवर एकत्र आणून पहिल्या तीन फोटोंवर बोलू द्या.

लाइक मोजून विजेता ठरवू नका. ज्याचं गोत मोठं, तो जिंकतो. हौस असेल तर ‘लोकपसंती’ असं वेगळं छोटं बक्षीस ठेवा आणि प्रत्येकाला तीन फोटो निवडायला लावा, म्हणजे घरच्या फोटोशिवाय आणखी दोन तरी बघावे लागतात.

निकालाआधी वरचे दहा फोटो नेटवरून उचललेले नाहीत ना, हे गूगल लेन्सवर शोधून बघा. मग त्या दहा जणांकडून मूळ फाइल आणि त्याच वेळी आगेमागे काढलेले दोन-तीन फोटो मागवा. कुणीही एकाच जागी एकच फोटो काढून थांबत नाही. आगेमागचे फोटो हाताशी असले की खरा फोटोग्राफर लगेच कळतो. ही मागणी दहाही जणांकडे सारख्याच शब्दांत करा, नाहीतर एकट्यावर संशय घेतल्यासारखं होतं.

रोख बक्षिसापेक्षा हौशी माणसाला आपल्या फोटोबद्दल कुणीतरी नीट बोललेलं जास्त हवं असतं. प्रत्येक स्पर्धकाला निदान एका फोटोवर दोन ओळी पाठवा. ‘छान’, ‘सुंदर’ नकोत. ‘लाल छत्री बरोबर जागी आहे, पण डावीकडचा खांब नजर ओढतो, दोन पावलं उजवीकडे सरकला असतात तर तो भिंतीआड गेला असता’, एवढं लिहिलं की पुढच्या वेळी तो माणूस पुन्हा भाग घेतो. चाळीस जणांचं काम तीन परीक्षकांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला तेरा-चौदा येतात.

विजेत्यांना फ्रेम केलेली प्रिंट द्या. प्रिंट मात्र मूळ फाइलवरूनच काढा: १८ इंच लांबीच्या प्रिंटला इंचाला २०० पिक्सेल धरले तर ३६०० पिक्सेल लागतात. आणि १२ × १८ हे माप कॅमेऱ्याच्या ३:२ फोटोला बसतं. फोनचा फोटो बहुधा ४:३ असतो, त्याला १२ × १६ सांगा. नाहीतर लॅबवाला कडा कापून देईल आणि ज्या कोपऱ्यातल्या कुत्र्यामुळे बक्षीस मिळालं, तोच नेमका गायब होईल.