मायक्रोवॅटचा हिशेब : लो-पॉवर एडीसी डिझाइनकडे वळणाऱ्यांसाठी

अ‍ॅनालॉग आयसी डिझाइनमध्ये नव्याने आलेले बहुतेक जण आधी सिम्युलेटर उघडतात आणि ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी बदलत बसतात. लो-पॉवर सर्किटच्या बाबतीत ही सवय फार वेळखाऊ ठरते, कारण करंट किती लागणार हे बरेचसे नॉइजची (सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या नकोशा चढउतारांची) मर्यादा आखतानाच ठरून गेलेले असते. म्हणून या कामात काही वर्षे घालवल्यावर माझा पहिला सल्ला असतो तो कागद-पेन्सिल घेऊन नॉइजचा हिशेब मांडण्याचा.

समजा, १ व्होल्ट पल्ल्याचा १२ बिटांचा एडीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग व्होल्टेजचे डिजिटल आकड्यात रूपांतर करणारे सर्किट, करायचा आहे. त्याची एक पायरी, म्हणजे एलएसबी, १ व्होल्टला ४०९६ ने भागून सुमारे २४४ मायक्रोव्होल्ट येते आणि तिला १२ च्या वर्गमुळाने भागले की क्वांटायझेशन नॉइज (व्होल्टेज पायऱ्यांत बसवताना येणारी चूक) साधारण ७० मायक्रोव्होल्ट मिळतो. आता सॅम्पलिंग कपॅसिटर १ पिकोफॅरडचा घेतला, तर खोलीच्या तापमानाला त्यावरचा औष्णिक नॉइज सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट असतो; म्हणजे कम्पॅरेटरचा (दोन व्होल्टेजांची तुलना करणाऱ्या सर्किटचा) नॉइज धरण्याआधीच सिग्नल-नॉइज गुणोत्तराच्या आदर्श ७४ डेसिबलमधून अडीच डेसिबलहून अधिक खर्ची पडलेले असतात. हा नॉइज निम्मा करायचा तर कपॅसिटर चौपट हवा आणि तो तितक्याच वेळात भरायचा तर इनपुट ड्रायव्हरला (कपॅसिटर भरणाऱ्या सर्किटला) आणि रेफरन्सलाही (तुलनेसाठीच्या स्थिर व्होल्टेजच्या स्रोतालाही) साधारण चौपट करंट हवा. नॉइजने बांधलेल्या सर्किटमध्ये एक बिट वाढवण्याची किंमत चौपट पॉवर असते, ती अशी. औष्णिक नॉइजच्या सूत्रात (kT/C चे वर्गमूळ; k हा बोल्ट्झमन स्थिरांक, T तापमान, C कपॅसिटन्स) सॅम्पलिंग स्विचचा रेझिस्टन्स येतच नाही : रेझिस्टन्स वाढला की नॉइजची घनता वाढते, पण बँडविड्थ तेवढ्याच प्रमाणात घटते. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि सूत्र पाठ असलेले उमेदवार नेमके येथेच अडतात.

हिशेबातून आलेला करंट नीट वापरायचा, तर ट्रान्झिस्टर कोणत्या अवस्थेत चालवायचा हे कळले पाहिजे. बऱ्याच अभ्यासक्रमांत करंट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो या नियमावर, म्हणजे स्ट्राँग इन्व्हर्जनवर, भर असतो. लो-पॉवर सर्किटे मात्र बहुधा वीक किंवा मॉडरेट इन्व्हर्जनमध्ये (गेटचे व्होल्टेज थ्रेशोल्डच्या खाली किंवा आसपास असताना) चालतात, जिथे प्रत्येक अँपिअरमागे मिळणारा ट्रान्सकंडक्टन्स (गेटच्या व्होल्टेजमधील बदलाने करंट किती बदलतो ते माप) सर्वाधिक असतो, प्रति व्होल्ट साधारण २५ ते ३०. एरिक व्हिटोझ आणि जीन फेलराथ यांनी १९७७ साली या अवस्थेवर उभारलेल्या सीमॉस अ‍ॅनालॉग सर्किटांवर शोधनिबंध लिहिला आणि त्या संशोधनाची मुळे स्वित्झर्लंडमधील इलेक्ट्रॉनिक घड्याळांच्या उद्योगात होती. जीएम बाय आयडी, म्हणजे ट्रान्सकंडक्टन्स आणि करंट यांच्या गुणोत्तरावरून ट्रान्झिस्टर ठरवण्याची पद्धत, आरंभीच अंगवळणी पाडावी. वेग मात्र येथे गमवावा लागतो, कारण तेवढ्याच करंटसाठी ट्रान्झिस्टर रुंद करावा लागतो आणि त्याची पॅरासिटिक (नकोशी, आपोआप येणारी) कपॅसिटन्स वाढते.

पहिला एडीसी म्हणून मी एसएआर, म्हणजे तुलना करत एकेक बिट ठरवत जाणारा एडीसी, सुचवतो. १९७५ मध्ये मॅक्क्रीरी आणि ग्रे यांनी मांडलेल्या चार्ज-रिडिस्ट्रिब्यूशनच्या कल्पनेवर आजचे बहुतेक एसएआर उभे आहेत. त्यात कपॅसिटरांची रांग, एक कम्पॅरेटर आणि थोडे लॉजिक एवढेच असते. सतत करंट खाणारा ऑपअँप (ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर) लागत नाही. पण संथ एडीसी म्हणजे सोपा एडीसी, असा समज करून घेऊ नये. १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर धरून ठेवलेल्या व्होल्टेजमधून स्विचद्वारे अवघा १ पिकोअँपिअर गळत असेल, तर १ मिलिसेकंदात ते १ मिलिव्होल्टने हलते, म्हणजे १० बिटांच्या हिशेबाने पूर्ण एका पायरीने. गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. त्यामुळे २७ अंशांवर सुंदर दिसणारे डिझाइन ८५ अंशांवर कोलमडू शकते. उच्च तापमानाचा कॉर्नर (टोकाची परिस्थिती) शेवटी तपासू, असे कोणी म्हणाले की मला धास्ती वाटते.

शोधनिबंध वाचताना प्रत्येक रूपांतर-पायरीमागे किती फेम्टोज्यूल, या आकड्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. १० फेम्टोज्यूल आणि १० प्रभावी बिट असतील, तर सेकंदाला १ लाख नमुन्यांसाठी पॉवर सुमारे १ मायक्रोवॅट येते. मात्र त्या आकड्यात रेफरन्स बफर आणि इनपुट ड्रायव्हर धरले आहेत का, हे पाहावे. अनेकदा ते चिपबाहेर ठेवलेले असतात आणि प्रत्यक्ष उत्पादनात तेच एडीसीपेक्षा जास्त पॉवर खातात. पुरवठ्यापासून शेवटच्या बिटापर्यंतच्या पूर्ण साखळीचा करंट सांगू शकणारा डिझायनर मला आकड्यांचे विक्रम सांगणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो.

सरावासाठी महागड्या परवान्यांची वाट पाहण्याचे आता कारण उरलेले नाही. स्कायवॉटरच्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेचे पीडीके (चिप-कारखान्याच्या प्रक्रियेसाठी डिझाइन करायला लागणारी माहिती आणि मॉडेल्स) २०२० पासून खुले आहे आणि एक्सस्कीम, एनजीस्पाइस, मॅजिक ही अनुक्रमे सर्किट रेखाटणे, सिम्युलेशन आणि लेआउट यांची साधने मोफत मिळतात. लेआउट (चिपवरची घटकांची आणि तारांची प्रत्यक्ष मांडणी) दुसऱ्याकडे सोपवू नये, निदान पहिल्या चिपचा तरी. कपॅसिटरांच्या रांगेवरून गेलेली एक तार किती बिट बिघडवते, हे लेआउटमधील पॅरासिटिक घटक हिशेबात घेऊन केलेल्या सिम्युलेशनमध्ये स्वतः पाहावे लागते. टेपआउटनंतर (डिझाइन कारखान्याकडे पाठवल्यावर) चिप हाती येईपर्यंत काही महिने जातात. त्या काळात चाचणीचा बोर्ड आणि मोजमापाचा आराखडा तयार ठेवावा. एफएफटीसाठी (सिग्नलमधील वारंवारता वेगळ्या करून पाहण्याच्या गणितासाठी) नमुन्यांची संख्या दोनाचा घात आणि त्यात बसणाऱ्या साइन लहरींची संख्या विषम पूर्णांक ठेवावी, सिग्नल जनरेटर आणि क्लॉक एकाच संदर्भाला बांधावेत, आणि जनरेटरची स्वतःची विकृती फिल्टरने आधी कमी करून घ्यावी, नाहीतर मोजलेली विकृती जनरेटरची की एडीसीची, हे सांगता येत नाही.