ग्लास-नायलॉन रबर घालूनही तुटतंय? या चुका टाळा

30 टक्के ग्लास (काचेचे बारीक तंतू) भरलेल्या नायलॉन 6 चा ब्रॅकेट हातातून पडून तुटला की प्लँटमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: "रबर वाढव." दोन टक्के वाढतं, ब्रॅकेट लवायला लागतो आणि तुटतोही.

रबर नुसतं मऊ असून भागत नाही. मार बसला की रबराच्या बारीक कणांत पोकळ्या पडतात, भोवतालचं नायलॉन ताणलं जातं आणि माराची ताकद तिथे जिरते. कणांमधलं अंतर साधारण 0.3 मायक्रॉनच्या खाली हवं, हे ड्यूपाँटच्या वू यांनी 1985 मध्ये नायलॉन 66 वर दाखवलं. साधं ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) टाकलं तर त्याच्या गाठी होतात. मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेलं, म्हणजे ग्राफ्टेड, रबर घ्या. ते नायलॉनच्या साखळीच्या अमाइन टोकाशी बांधलं जातं आणि बारीक पसरतं.

म्हणून सगळंच ग्राफ्टेड घालायचं का? तेही नको. ग्लासच्या सायझिंगमध्ये, म्हणजे तंतूंवरच्या पातळ थरात, बहुधा अमिनोसिलेन असतं; त्यालाही अमाइन टोक असतं. अनहायड्राइड तिकडेही चिकटतं, तंतूवर रबराचा लेप बसतो आणि ताकद उतरते. शिवाय मेल्ट (वितळलेला माल) घट्ट होऊन ग्लास जास्त तुटते. थोडं ग्राफ्टेड, थोडं साधं, असं मिसळून बघा.

ग्लास एक्स्ट्रूडरच्या (माल वितळवून मिसळणाऱ्या मशीनच्या) सुरुवातीच्या मेन हॉपरमधून टाकणं ही तर हमखास चूक. न वितळलेल्या दाण्यांत ती भरडली जाते. नायलॉन आणि रबर आधी वितळू द्या, ग्लास साइड फीडरने पुढे द्या. आणि नमुना जाळून मोजलेल्या राखेच्या टक्क्यांवर विसंबू नका. तुकडे झालेल्या ग्लासचंही वजन तेवढंच भरतं, रिपोर्टवर 30 च येतं. मफल भट्टीतली राख चिमटीने न चुरता पाण्यात सोडा, काचपट्टीवर पसरा आणि मायक्रोस्कोपखाली लांबी मोजा. पिठासारखं दिसलं तर रबराला बोल लावू नका.

आता आमचीच फजिती. जुलैत दोन बॅचच्या आयझॉडवरून (मार सोसण्याच्या चाचणीवरून) आम्ही दोन दिवस भांडलो. नवी रेसिपी चक्क दुप्पट चांगली! मग कळलं, तिचे बार (चाचणीच्या पट्ट्या) तीन आठवडे टेबलावर उघडे होते आणि जुन्या रेसिपीचे त्याच सकाळी मोल्ड केलेले. नायलॉन पावसाळी हवेतलं पाणी ओढून आपोआप चिवट होतं. तेव्हापासून बार मोल्डमधून निघाले की थेट फॉइलच्या पिशवीत, सील करून, वर तारीख आणि वेळ.