शब्द सापडला की वही मिटू नका: विस्कटलेली अक्षरं जुळवताना या चुका टाळा

विस्कटलेली इंग्रजी अक्षरं समोर आली की नवशिका माणूस हमखास एकच गोष्ट करतो. त्यांच्याकडे टक लावून बसतो. जणू ती लाजून आपोआप रांगेत उभी राहणार आहेत! बरीच वर्षं मी ही कोडी सोडवतोय, दुसऱ्यांनाही सोडवायला बसवतोय. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच.

अक्षरं दिलेल्या क्रमानेच वाचत राहिलं की डोळ्यांना एक खोटाच शब्द दिसायला लागतो आणि तो काही केल्या पुसला जात नाही. सहा वेगवेगळ्या अक्षरांच्या 720 मांडण्या होतात, म्हणजे एकेक करून बघायचं नावच नको. मी कोऱ्या कागदावर अक्षरं गोलात लिहितो, स्वर मधे आणि व्यंजनं भोवती. अडलो की दुसरा गोल, वेगळ्या क्रमाने. स्क्रॅबलचे मुरलेले खेळाडू अक्षरं वर्णक्रमाने लावतात, त्याला अल्फाग्राम म्हणतात. तीच मांडणी पुन्हा पुन्हा बघून त्यामागचा शब्द ओळखायची नजर त्यांना येते. मला ते कधी जमलं नाही. माझा गोल बरा.

दुसरी चूक खास आपली, मराठीत वाढलेल्यांची. आपण कानाने शब्द शोधतो. एफ, ई, एन, के, आय ही पाच अक्षरं दिली की लोक 'फाइन' शोधून मोकळे होतात आणि वर मलाच सांगतात, "एक के जास्तीचा छापलाय." अहो, जास्तीचा नाही, तो 'नाइफ'चा मुका के आहे! तसंच आपल्याला 'थ' म्हणजे एकच अक्षर वाटतं, इंग्रजीत ती टी आणि एचची जोडी असते. म्हणून एन, आय, जी, एच, टी यांतून 'नाइट' पटकन निघतो, पण 'थिंग' समोर असूनही दिसत नाही. मी आधी जोड्या लावून बघतो: टी-एच, एस-एच, सी-एच, सी-के, के-एन. आणि शब्द लिहून झाला की एकेक अक्षरावर काट मारतो. एक जरी उरलं तरी शब्द चुकलाय, कोडं नाही.

आता माझी स्वतःची फजिती. एकदा आठ अक्षरं आली: सी, एन, ए, ओ, टी, एस, आय, एन. शेवटी 'शन' येणारे शब्द इंग्रजीत ढिगाने आहेत, म्हणून मी टी, आय, ओ, एन बाजूला काढले. उरले एस, ए, एन, सी. 'सँक्शन'! अर्धं मिनिटही लागलं नाही. शब्दकोश उघडला, 'मंजुरी' एवढं वाचलं, वहीत उतरवलं आणि वही मिटली. काही दिवसांनी चारचौघांत एका बातमीवर बोलणं चाललं होतं. कुठल्याशा देशावर 'सँक्शन्स' लागल्या होत्या. मी रुबाबात म्हणालो, "चला, मंजुरी मिळाली, आता त्यांचा व्यापार वाढेल." समोरच्याने शांतपणे विचारलं, "मंजुरी मिळाली तर ते चिडलेत कशाला?"

तिथे कळलं की हा शब्द दुतोंडी आहे. मंजुरी हाही त्याचा अर्थ, आणि निर्बंध हाही. शब्दकोशात दोन्ही होते, मीच पुढची ओळ वाचली नव्हती. घरी येऊन ती अक्षरं पुन्हा मांडली, तर त्याच आठांतून 'कंटेन्स' निघाला. रोजच्या वापरातला साधा शब्द, 'त्यात असतं' अशा अर्थाचा. 'शन'च्या नादात तो माझ्या नजरेला आलाच नव्हता. शेपटी ओळखायची युक्ती चांगली आहे, मी आजही वापरतो. पण एक शब्द निघाला की शेपटी सोडून पुन्हा पहिल्यापासून बघतो.

तेव्हापासून वहीत नुसता शब्द आणि समोर अर्थ असं लिहिणं बंद. निदान दोन अर्थ, उच्चार आणि माझं स्वतःचं एक वाक्य. उच्चार का? टी, ई, ए, आर, एस घ्या. 'टिअर्स' म्हटलं तर आसवं, 'टेअर्स' म्हटलं तर फाडतो. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक नाही.

"अर्थ कशाला हवेत, नायजेल रिचर्ड्स बघा" असं ऐकवणारे भेटतात. खरं आहे. न्यूझीलंडच्या या खेळाडूला फ्रेंच बोलता येत नव्हतं, तरी शब्द पाठ करून 2015 मध्ये तो फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. पण बाबा रे, त्याला स्पर्धा जिंकायची होती. तुला इंग्रजी शिकायचंय ना?

बाकीच्या चुका किरकोळ. एस दिसला की तो शेवटी टाकून अनेकवचन करू नका. 'स्पॉट' आणि 'स्टॉप'मध्ये तो पहिलाच आहे. क्यू असेल तर आधी यू शोधा, बहुतेक वेळा तो शेजारीच लागतो. तेच अक्षर दोनदा असेल तर ती जोडी शेजारी ठेवून बघा आणि लांबही. पहिल्या दिवसापासून घड्याळ लावणाऱ्यांना काय म्हणावं, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!

उत्तर शोधून देणारी ॲप हा माझ्या रागाचा विषय आहे. अक्षरं टाकली, यादी आली, झालं. अशी यादी बघितलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच अक्षरांवर पुन्हा अडतो, हे मी कितीदा पाहिलंय. मी ॲप उघडतो, पण माझे शब्द लिहून झाल्यावर, काय सुटलं ते बघायला. सुटलेल्या शब्दाची अक्षरं विस्कटून वहीच्या मागच्या पानावर टाकतो आणि दोन दिवसांनी स्वतःच सोडवतो.

आत्ताच करून बघा: ई, एन, एल, टी, आय, एस. निदान चार शब्द आहेत. एकाचा अर्थ ऐकणं, दुसऱ्याचा गप्प, तिसऱ्याचा सैन्यात भरती होणं. चौथा सजावटीच्या चमकीचा. तो सापडेपर्यंत फोन पालथा ठेवा.